पॉइंटची वायरिंग: किल स्विचने गाडी बंद होते पण कॉइल तापते

प्रश्न:
मंडळी, जुनी सिंगल सिलिंडर रेसर जोडतोय. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीची वीज तयार करणारा) कामातून गेला होता म्हणून काढला आणि बॅटरी, कॉइल, सीबी पॉइंट (कॉन्टॅक्ट ब्रेकर, इंजिनबरोबर उघडमीट होऊन कॉइलचा करंट तोडणारे) असं साधं सोपं केलंय, चार्जिंग काही नाही, १२ व्होल्टची छोटी बॅटरी एका रेसपुरती पुरली की झालं. गाडी पहिल्या धक्क्यात चालू झाली, खोटं कशाला बोलू. पण काल किल स्विच मारून बंद केली आणि तासाभराने येऊन बघतो तर कॉइलला हात लावता येईना आणि बॅटरी पार उतरलेली! स्विच मॅग्नेटोचाच जुना आहे, त्याची वायर कॉइल आणि पॉइंटच्या जोडावर आणलीये. कॉइल गेली का? आणि पॉइंटवर चांगली निळी ठिणगी दिसते, दोनदा घासले तरी परत काळे.

प्रतिसाद:
कॉइलचा काही दोष नाही, स्विच चुकीच्या जागी बसलाय. मॅग्नेटो बंद करायचा तर अर्थ करायचा, म्हणजे बॉडीला जोडायचा, बॅटरी कॉइलला बरोब्बर उलटं, येणारी लाइनच तोडायची. तुमच्या स्विचने पॉइंट कायमचे मिटल्यासारखं झालं, प्लगला ठिणगी पडेना म्हणून गाडी थांबली, पण करंट वाहतोच आहे. कॉइलची प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडची गुंडाळी, ४ ओहम धरा, म्हणजे सलग ३ अँपिअर, कॉइल शिजणारच. बॅटरी, फ्यूज, स्विच, कॉइल, मग पॉइंट, या क्रमाने न्या. जुनं बटण चालणार नाही, ते दाबलं की जोडतं, तुम्हाला तोडणारं हवंय. आणि स्विच चालू ठेवून गाडी नुसती उभी केली, नेमके पॉइंट मिटलेले असले, तरी हेच होणार, उभी केली की स्विच बंद करायची सवय लावून घ्या.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. काळे पॉइंट म्हणजे कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा) बघा. तो पॉइंटला समांतर लागतो, साधारण ०.२ मायक्रोफॅरड, आणि त्याची बॉडी हीच त्याची अर्थ असते हे लोक विसरतात. नवा आणण्याआधी तो कशावर बसवलाय ते सांगा.

प्रतिसाद:
पॉइंटची स्प्रिंग जिथे बोल्टला बसते तिथले फायबरचे वॉशर पण बघून घ्या, वायरचा लग (टोकाची कडी) जरा फिरून प्लेटला टेकला की प्लगची ठिणगी गायब. माझे दोन रविवार त्यात गेलेत. टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडायची ते) लावताना पॉइंटची वायर आणि अर्थ यांच्यात छोटा बल्ब लावा, स्विच चालू, इंजिन हाताने हळू फिरवा, बल्ब लागला की पॉइंट उघडले. पॉइंटमधला गॅप आधी, टायमिंग नंतर, कारण गॅप हलला की टायमिंग हलतं.

प्रश्नकर्ता:
सापडलं. कंडेन्सर मी हौसेने रंगवलेल्या ब्रॅकेटवर बसवला होता 🤦 रंग खरवडला, इंजिनपासून बॅटरीपर्यंत वेगळी अर्थ वायर टाकली, पॉइंटवरची ठिणगी जवळजवळ गेली. स्विच उद्या बदलतो, तोवर बॅटरीची वायर काढून ठेवलीये.