मदत हवी आहे: एच-इंडेक्स नक्की कुठला लिहायचा? (अर्जंट)

वैतागलेली_बाई:
परवा फॉर्म द्यायचाय. त्यात नुसता 'एच-इंडेक्स' (आपल्या पेपरांचे संदर्भ इतरांनी किती दिले त्यावरून काढलेला आकडा) असा रकाना आणि शेजारी 'सहकार्य (राष्ट्रीय/आंतरराष्ट्रीय)'. गूगल स्कॉलर 11 दाखवतंय, स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसवर एकदा 5 येतो एकदा 4. मग 11 लिहू की 5 अधिक 4 म्हणजे 9? लवकर सांगा, थिअरी नकोय.

लायब्ररीवाला:
ताई, विषय कुठला? फॉर्म प्रमोशनचा की प्रोजेक्टचा? आणि 'एकदा 5 एकदा 4' म्हणजे काय, स्कोपसवर लेखक म्हणून दोन नोंदी, म्हणजे दोन ऑथर आयडी आहेत का तुमचे?

खडूस_रेफरी:
काहीही लिहा हो. प्रकारच बोगस आहे. 2010 मध्ये सिरिल लाबे नावाच्या फ्रेंच माणसाने आइक अँटकेअर असा एक नसलेलाच शास्त्रज्ञ उभा केला, कॉम्प्युटरने बनवलेले पेपर एकमेकांचा संदर्भ देत (साइट करत) टाकून दिले आणि स्कॉलरवर पठ्ठ्याचा एच-इंडेक्स 94 झाला. तुमचा 11 तरी खरा आहे.

वैतागलेली_बाई:
प्रमोशनचा आहे, कॅसचा (प्राध्यापकांची बढतीची योजना). केमिस्ट्री. हो दोन आयडी आहेत, एक माहेरच्या नावाने एक सासरच्या, त्यात काय एवढं?

लायब्ररीवाला:
त्यातच तर सगळं आहे! एच-इंडेक्सची बेरीज होत नाही. एच 5 म्हणजे किमान 5 सायटेशन असलेले 5 पेपर. समजा एका आयडीवर सायटेशन 14, 9, 7, 5, 5, 2 आहेत, दुसऱ्यावर 12, 8, 6, 4, 1. एकत्र उतरत्या क्रमाने लावा: 14, 12, 9, 8, 7, 6, मग 5. सहाव्या पेपरला 6 आहेत, सातव्याला 5च, म्हणजे एच 6. 9 नाही. स्कोपसला दोन्ही आयडी मर्ज करायची रिक्वेस्ट टाका, फुकट आहे. तोवर फॉर्मवर दोन्ही आयडी लिहा. ऑर्किड (ORCID, संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) आहे का? नसेल तर आधी ते काढा, म्हणजे पुढे आडनावाचा घोळ नको.

सोलापुरी_चादर:
आणि स्कॉलरचे 11 तपासलेत का? आमच्या डिपार्टमेंटच्या एका पाटील सरांच्या प्रोफाइलवर कुठल्याशा पाटलांचे ऊस संशोधनाचे पेपर आपोआप चिकटले होते आणि सर ते काढायला तयार नव्हते 😀

वैतागलेली_बाई:
थांबा बघते. अरे देवा, गुडघ्याच्या ऑपरेशनचे पेपर आहेत यात.

लायब्ररीवाला:
काढून टाका. नंतरही स्कॉलरचा आकडा थोडा जास्तच राहील, कारण ते प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीच नेटवर टाकलेले पेपर) सगळं धरतं. आकड्यापुढे सोर्स आणि तारीख लिहा, स्क्रीनशॉट जोडा.

खडूस_रेफरी:
पण कॅसला एच-इंडेक्सने काय होतं? 2018 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावलीत पेपरमागे गुण आहेत. दोन लेखक असतील तर प्रत्येकी 70 टक्के, जास्त असतील तर मुख्य किंवा करस्पाँडिंग (पत्रव्यवहार बघणाऱ्या) लेखकाला 70 आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30.

लायब्ररीवाला:
रकाना कॉलेजने टाकला असेल, भरावा तर लागणारच ना. नियमावली वाचून दाखवल्याने रकाना जात नाही.

भाषेचा_मास्तर:
तुमचं निदान 6 तरी येतंय. आम्ही वाईच्या 'नवभारत' मासिकात लिहिलेलं मराठीत कुणी संदर्भ म्हणून दिलं तर स्कोपसच्या लेखी ते घडलंच नाही. आणि नावाचंच म्हणाल तर गणितज्ञ-इतिहासकार दामोदर कोसंबींनी गणिताचे काही पेपर चक्क 'एस. डुक्रे' या नावाने छापले होते, त्यांचे आयडी कोण मर्ज करणार?

खडूस_रेफरी:
विषयांतर. पण सहलेखकांचंच काढायचं तर 2015 मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानाच्या एका पेपरला 5154 लेखक होते. सगळ्यांच्या खात्यात तो एक एक पेपर. हे सहकार्य?

वैतागलेली_बाई:
मला 5154 नकोत हो, माझे चारच आहेत. त्यातली एक आमच्याच कोल्हापूरच्या लॅबची मैत्रीण, आता कोरियात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन). ती आंतरराष्ट्रीय धरायची का?

सोलापुरी_चादर:
कोल्हापूरची निम्मी केमिस्ट्री कोरियातच आहे, तिथून कॉपी-पेस्ट केलं तरी आंतरराष्ट्रीय होईल.

लायब्ररीवाला:
पेपरवर तिचा पत्ता कुठला छापलाय ते बघा. डेटाबेस माणसाचा पासपोर्ट बघत नाही, छापलेली संस्था बघतो. पेपरवर कोरियातली संस्था असेल तर आंतरराष्ट्रीय, जुना कोल्हापूरचा पत्ता असेल तर नाही, मग ती आज कुठेही असो.

नवीन_सभासद_२७:
स्कोपस जर्नलमध्ये महिन्याभरात पेपर लावून देणारं कोणी आहे का? बजेट आहे.

लायब्ररीवाला:
नाही. आणि जर्नल स्कोपसमधून काढून टाकलंय का ते स्कोपसच्या सोर्स लिस्टवर आधी बघत जा.

वैतागलेली_बाई:
गुडघे काढले, स्कॉलर 8 वर आला. स्कोपसला रिक्वेस्ट टाकली. फॉर्ममध्ये 8 लिहून पुढे गूगल स्कॉलर लिहितेय, कारकून म्हणतोय रकान्यात फक्त आकडा चालतो. मार्जिनमध्ये लिहू का?

लायब्ररीवाला:
लिहा. पेनने.