अनुभव धागा: ढगांच्या जंगलात फिरलेल्यांनो, इथे लिहा

ओलीवाट
भाचीने काल विचारलं, मावशी, ढगाच्या आत शिरलं तर काय दिसतं? मग मी सांगत सुटले ती तिला झोप लागेपर्यंत. कोस्टा रिकामधलं मॉन्तेवेर्दे, उंची साधारण १५०० मीटर. पाऊस नव्हता तरी टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. कॅरिबियनकडून येणारे व्यापारी वारे डोंगर चढताना गार होतात आणि ढग सरळ झाडांतच शिरतो. शेवाळ, नेचे, ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातली झाडं) सगळे ते पाणी धरून ठेवतात आणि मग थेंब थेंब खाली सोडतात.

एका फांदीपाशी गाइडने थांबवलं. मूळ फांदी मनगटाएवढी, पण शेवाळाचा थर धरून मांडीएवढी झालेली. त्या थरात चक्क काळी माती, मातीत नखाहून लहान ऑर्किड फुललेलं. जमीन कुठल्या कुठे खाली! "हात लावू नका," एवढंच म्हणाला तो. वनशास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी यांनी याच फांद्यांवरच्या मातीचा इथे वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. खरवडलेलं शेवाळ पुन्हा नीट धरायला दशकं जातात.

तुम्ही कुठल्या ढगांत गेला होतात? पक्षी दिसले नसले तरी लिहा.

चष्मेवाली
क्वेत्झाल पक्षी, मॉन्तेवेर्देलाच!!! मार्चमध्ये, विणीच्या काळात. नर पाठमोरा बसला की हिरव्यात हिरवा, अजिबात सापडत नाही. वळला आणि लालभडक पोट दिसलं. रानटी अव्होकॅडोचं फळ अख्खं गिळलं आणि बऱ्याच वेळाने बी तोंडातून बाहेर टाकली. म्हणजे जंगल लावायचं कामही तोच करतो. वाऱ्यावर हलणारी ती लांब शेपटी अजून डोळ्यांसमोर आहे. बाकी नंतर, बाळ उठलं.

भटक्या_७
बूट कोणते घेऊ? पुढच्या महिन्यात निघतोय.

चष्मेवाली
रबरी गमबूट. शेजारच्या सान्ता एलेना गावाच्या राखीव जंगलात जाणार असाल तर नक्कीच, तिथे चिखल जास्त. ते राखीव जंगल गावातली शाळा चालवते, तिकडे जाच.

डोंगरमाथा
आम्ही बोर्निओवाले. किनाबालूला सगळे ४,०९५ मीटरच्या शिखराकडे धावतात आणि अध्येमध्ये दोन-अडीच हजारांवर जे अप्रतिम जंगल लागतं त्यात कोणी थांबत नाही. थांबा हो! वाकडीतिकडी बुटकी झाडं, सगळी शेवाळात गुंडाळलेली. त्या डोंगरावर नेपेंथिस राजाह नावाची घटपर्णी आहे. झाडावरची चिचुंद्री, म्हणजे ट्री श्रू, झाकणाखालचा रस चाटायला घटाच्या काठावर बसते आणि तिथेच विष्ठा टाकते. झाडाला नायट्रोजन मिळतो.

सोनसळी
म्हणजे झाडाने जेवणासकट शौचालय बांधलंय 😂

डोंगरमाथा
आणि साफसफाईही झाडच करतं 😂

जुनेपान
मी थोडं गंभीर लिहितो. मॉन्तेवेर्देला मी सोनेरी बेडकासाठी गेलो होतो, तो आता नाही हे ठाऊक असूनही. नर पूर्ण झळाळत्या नारिंगी रंगाचा. १९६६ मध्ये विज्ञानाला त्याची ओळख झाली. जगात फक्त या डोंगराच्या माथ्यावर, काही चौरस किलोमीटरांत. १९८७ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी डबक्यांभोवती दीड हजारांवर बेडूक मोजले. १९८९ मध्ये एकच नर दिसला, त्यानंतर कुणालाच नाही. २००४ मध्ये नामशेष म्हणून नोंद झाली. राखीव जंगल होतं, तोड नव्हती, शिकार नव्हती, तरी गेला. वाटेवरचं प्रत्येक डबकं मी वाकून बघत होतो.

ओलीवाट
जुनेपान काका, वाचून गलबललं. कारण काय सांगतात?

जुनेपान
बेडकांच्या कातडीला होणारी कायट्रिड बुरशी आणि एल निन्योचं कोरडं वर्ष, दोन्हींकडे बोट दाखवतात. १९९९ मध्ये तिथल्या संशोधकांनी लिहिलं की कोरड्या ऋतूत धुक्याचे दिवस कमी होताहेत, ढग वर सरकतोय. ढगच वर गेला तर या झाडांनी कुठे जायचं?

सोनसळी
आमच्याबरोबरचे एक जण दिवसभर कुरकुरत होते, "धुक्यात काही दिसलंच नाही, पैसे पाण्यात." अहो, धुक्यासाठीच तर आलो ना! माझं तर म्हणणं, धुकं दाटलं की दुर्बीण बॅगेत टाका आणि कान उघडा. बेलबर्ड पक्ष्याचा टणत्कार पार पलीकडच्या दरीतून ऐकू येतो.

वाचनवेडी
कुणी अजून क्वेकर लोकांचं, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं, कसं लिहिलं नाही? अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती नाकारली म्हणून काही जण तुरुंगात गेले. १९४८ मध्ये कोस्टा रिकाने सैन्यच बरखास्त केलं होतं, म्हणून १९५१ मध्ये अलाबामातली ही कुटुंबं मॉन्तेवेर्देला येऊन दूधदुभत्यावर राहिली. ओढ्यांचं पाणी टिकावं म्हणून वरचं जंगल त्यांनी तोडलं नाही. १९७२ चं राखीव जंगल त्यामुळेच उभं राहू शकलं. शेजारचं 'मुलांचं शाश्वत जंगल' तर १९८७ मध्ये स्वीडनच्या शाळकरी पोरांनी पैसे जमवून सुरू केलं, आता २२,००० हेक्टरांवर आहे!!

फळाखडू
वाचनवेडी ताई, चौथीला शिकवते मी. उद्याचा तास यावरच घेणार.

मंदवारा
बाबांबरोबर गेले होते. गुडघ्यांमुळे त्यांना वाटेवर चालता येईना. प्रवेशाजवळ हमिंगबर्ड येतात तिथे बाकावर बसवलं आणि आम्ही आत गेलो. परत आलो तर ते उठायलाच तयार नाहीत. जांभळा सेबरविंग त्यांच्या कानाजवळून घुंईंकन जायचा, की ते हसायचे. पक्ष्यांतली भांडणंही त्यांना पाठ झाली होती, कोण कुणाला हाकलतो वगैरे. बाबा गेले गेल्या वर्षी. हे आज पहिल्यांदाच लिहितेय.

ओलीवाट
मंदवारा 🙏 लिहिलंस ते फार बरं केलंस गं.

चष्मेवाली
❤️ त्या भांडणांबद्दल अजून लिही, वाचायचंय.

निशाचर
रात्रीची फेरी चुकवू नका. हिरवा पाम व्हायपर साप डोळ्यांच्या उंचीवर पानात बसलेला, गाइडने दाखवेपर्यंत कुणालाच दिसला नाही. फांदीवर झोपलेला छोटा पक्षी, डोकं पिसांत खुपसून, थेट कापसाचं बोंड. टॉर्च त्याच्या डोळ्यांवर मारू देत नाहीत, तेच योग्य.

भटक्या_७
गमबूट घेतले. आता कॅमेऱ्याची काच धुरकटते त्याचं काय?

निशाचर
घट्ट बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. खोलीतून बाहेर आल्या आल्या काढू नका, बाहेरच्या हवेशी जुळू द्या. आणि गाइडच्या दुर्बिणीला मोबाइल लावून जे फोटो येतात ते माझ्या मोठ्या लेन्सपेक्षा बरे आलेत, खरंच.

भटक्या_७
धन्यवाद दादा. रात्रीच्या फेरीचं आधी बुकिंग लागतं का?

निशाचर
हो, कोरड्या ऋतूत जात असाल तर आधीच करा.