बंदरातल्या बाटलीला सील: शिस्त की वसुली?

गलबत:
परवा कुलाब्याला महाराष्ट्र पोलीस मुख्यालयासमोरून जात होतो. ही दगडी इमारत मुळात खलाशांचं वसतिगृह, सेलर्स होम. ड्यूक ऑफ एडिंबरोच्या १८७० च्या भेटीची आठवण म्हणून बांधलेली, १८७६ मध्ये पुरी झालेली. २० अधिकारी आणि १०० खलाशी राहतील एवढी. गोदीतून सुटलेला गोरा खलाशी गुत्त्यात पगार उडवतो, मग रस्त्यात लोळतो आणि नेटिवांसमोर साहेबाची अब्रू जाते, ही धास्ती त्यामागे होतीच. १९२८ मध्ये सरकारने ती वास्तू विधिमंडळासाठी घेतली. म्हणजे दारुड्या खलाशांना सांभाळायला उभारलेलं घर पुढे दारूबंदीवाल्या आमदारांचं झालं!

त्यावरून, बंदरात जहाजावरच्या दारूच्या कपाटाला कस्टम सील लावतं त्याबद्दल, हा धागा. माझं म्हणणं एवढंच की बंदरातल्या दारूचे इंग्रजी कायदे नशेसाठी नव्हतेच. सी कस्टम्स अॅक्ट आणि मुंबईचा अबकारी कायदा, दोन्ही १८७८ चे. एकाने जहाजावरच्या मालाचा हिशेब ठेवला, दुसऱ्याने किनाऱ्यावरच्या माडीच्या मडक्याचा. पिऊन कोण पडतो याच्याशी देणंघेणं नाही, जकात बुडते का एवढंच बघायचं. गोरा रस्त्यावर आलाच, तर त्याच्यासाठी १८७४ चा युरोपियन व्हेग्रन्सी अॅक्ट होता: आधी वर्कहाऊस, नाहीतर सरळ बोटीत बसवून रवानगी.

डोलकाठी:
असहमत. ३१ वर्षं जहाजावर काढली आहेत, त्यामुळे थोडं लांबेल.

बंदराला लागलो की कस्टमचे प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर चढायचे. चीफ स्टुअर्ड (जहाजाच्या खाण्यापिण्याचा प्रमुख) यादी घेऊन बाँड स्टोअरच्या, म्हणजे बिनजकातीच्या दारू-सिगारेटींच्या कपाटाच्या, दाराशी उभा. व्हिस्की इतकी, बिअरचे क्रेट इतके, सिगारेटी इतक्या. मोजून झालं की कडीवर कागदी पट्टी, तिच्यावर शिक्का आणि सही. एकदा एका बंदरात (नाव राहू दे) पट्टीचा कोपरा दमट हवेने सुटला होता, तर पुन्हा सगळी मोजणी, आणि कॅप्टन घामाघूम. त्या वेळी वैताग आला, पण गोदी म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय त्याला कळेल. उघडी हॅच, डोक्यावर क्रेन, ताणलेले दोर. आमचा एक खलाशी रात्री झोकांड्या खात गँगवेवरून (धक्क्यावरून जहाजावर जायच्या शिडीवरून) चढताना जहाज आणि धक्का यांच्या फटीत गेला. वाचला नाही.

कायदा इंग्रजांनी केला म्हणून वाईट ठरत नाही. तो काय वाचवतो ते बघा.

गलबत:
वाईट वाटलं वाचून. पण तो खलाशी प्यायला कुठे? गँगवेवरून चढत होता म्हणजे किनाऱ्यावर. सील जहाजातल्या कपाटाला होतं. त्याने काय वाचवलं?

कलमकसाई:
धागाकर्त्यांनी सगळं खापर वसाहतीवर फोडलंय, ते पटत नाही. सीलची पद्धत ही दोन सार्वभौम सत्तांमधली तडजोड आहे. अमेरिकेत दारूबंदी असताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये क्युनार्ड या ब्रिटिश जहाजकंपनीच्या खटल्यात निकाल दिला की अमेरिकेच्या सागरी हद्दीत परदेशी जहाजावरसुद्धा दारू चालणार नाही. सीलबंद ठेवलेलीही नाही! ब्रिटिश कंपन्यांचा जळफळाट झाला. शेवटी १९२४ च्या करारात ठरलं की ब्रिटिश जहाजाने दारू कुलूपबंद, सीलबंद ठेवली तर बंदरात यायला हरकत नाही. बदल्यात अमेरिकेला किनाऱ्यापासून तासाभराच्या सफरीच्या अंतरापर्यंत जहाजं थांबवून झडती घ्यायची मुभा. यात गोरा-काळा कुठे आला?

आणि ब्रिटनने फक्त इतरांना शहाणपण शिकवलं असंही नाही. उत्तर समुद्रात मासेमारांना दारू विकत फिरणाऱ्या बोटी होत्या, तरंगते गुत्तेच म्हणा ना. त्यांच्या बंदोबस्ताच्या १८८७ च्या हेग करारावर ब्रिटनचीही सही आहे.

आपला १९६२ चा कस्टम्स कायदा बघा. कलम ८७: जहाज परदेशी फेरीवर आहे तोवर त्यावरचा आयात साठा शुल्क न भरता जहाजावरच वापरता येतो. फेरी संपली की सवलत संपली. जहाजावरच्या साठ्याला सील का लागतं, त्याचं उत्तर यात आहे. व्यवहाराची साधी गोष्ट.

माडाची सावली:
व्यवहार साधा, पण कोणाला?

आमच्या घरात पणजोबांपर्यंत माडी काढण्याचा धंदा होता. पहाटे माडावर चढायचं, पोय (माडाचा फुलोरा) छेदायची, मडकं बांधायचं, संध्याकाळी परत. १८७८ नंतर छेदलेल्या प्रत्येक माडामागे कर आणि परवाना. ठाणे-कुलाब्यात तर १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरसुद्धा नियंत्रण आलं. फुलांवर! ती गोरगरीब खातही असत. तिकडे बंदरात उभ्या बोटीवर स्कॉच मात्र बिनजकातीची.

शिवाय जहाजावर पीत कोण होतं? लस्कर (बोटीवरचा देशी खलाशी) पीत नाही, म्हणून निमूट काम करतो, अशी तारीफ जहाजमालकच करत. रत्नागिरीकडचा सारंग (खलाशांचा मुकादम) नाही पीत, त्याच्या हाताखालचा टंडेल नाही पीत, गोव्याचा स्टुअर्ड सलूनमध्ये ग्लास भरतो आणि नशेचा सगळा कायदा साहेबाच्या लाजेपायी. (जहाजावर 'भंडारी' म्हणजे स्वयंपाकी आणि आमच्याकडे माडी काढणारा. आजीला हे कधीच पटलं नाही.)

स्वातंत्र्य मिळालं तरी हीच तऱ्हा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचं मूळ कलम ३९ वाचा. मालवाहू बोटी, युद्धनौका, सैन्याच्या बोटी आणि लष्करी मेस यांना सरकार परवानगी देऊ शकेल, ती 'विदेशी मद्या'ची. आमच्या माडीला बोटीवरही जागा नाही.

कलमकसाई:
कलम ३९ वर बालसारा खटला झालेला आहे, १९५१. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम उचलून धरलं. सैन्याचा वेगळा वर्ग करणं वाजवी आहे, समानतेचा भंग नाही.

माडाची सावली:
वैध आहे हे मान्य. मी न्याय्य आहे का विचारलं होतं.

कलमकसाई:
ते कोर्टाला विचारायचं नसतं, विधिमंडळाला विचारायचं. ते बसत होतं खलाशांच्या वसतिगृहात, हे धागाकर्त्यांनी सांगितलंच आहे :) माडीच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे, पण त्यासाठी बंदरातलं सील काढा असं म्हणू नका. उद्या सवलतीची व्हिस्की धक्क्यावरून गावात उतरेल.

गलबत:
सील काढा असं कोणीच म्हणालं नाही हो. त्याला शिस्त म्हणू नका, एवढंच म्हणतोय. वसुली म्हणा, मी सही करतो.

डोलकाठी:
आता जरा उलटं लिहितो, हसू नका. बंदर सोडून हद्दीबाहेर गेलो की ते सील तोडायला कोणी कस्टमवाला येत नसे. चीफ स्टुअर्डच पट्टी फाडायचा. संध्याकाळी बाँड वाटप, ज्याच्या त्याच्या नावावर मांडून.

गलबत:
म्हणजे भर समुद्रात, रात्रीच्या वॉचवर (पहाऱ्याच्या पाळीवर), जिथे नशा सगळ्यात घातक, तिथे कपाट उघडं. आणि धक्क्याला बांधलेलं असताना बंद. मी वेगळं काय म्हणतोय?

डोलकाठी:
तिथे वेगळे नियम आहेत ना. १९८९ ला अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं, कॅप्टनच्या पिण्याची जगभर चर्चा झाली. नशेच्या आरोपातून तो सुटला, पण सगळे हादरले. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने ड्युटीवरच्या माणसाच्या रक्तात ०.०५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल चालत नाही. पुष्कळ कंपन्यांनी तर जहाजं पार कोरडी केली. माझी शेवटची दोन जहाजं तशीच. कपाटात पाहुण्यांसाठी सिगारेटची खोकी आणि कोल्ड्रिंकचे डबे.

माडाची सावली:
मग सील?

डोलकाठी:
लागायचं. सिगारेटी मोजून, पट्टी, शिक्का, सही.