वसाहतीतल्या बास्केटबॉल स्पर्धेत स्कोअर कसा ठेवावा? सल्ला हवा आहे

पारिजात
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्या वसाहतीत बास्केटबॉलची स्पर्धा असते. आठ संघ, दोन दिवस. शाळकरी मुलांपासून चाळिशीतल्या काकांपर्यंत सगळे उतरतात. टेबलवर मी बसते. वहीत खेळाडूंची नावं लिहून प्रत्येकासमोर रेघा मारते आणि क्वार्टर संपला की बेरीज करते. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात माझ्या वहीत ४६-४५ आणि पाटीवर ४५-४५. कुठला गुण जास्त किंवा कमी धरला गेला ते काही केल्या सापडलं नाही. शेवटी पाच मिनिटं जादा खेळवली आणि वहीत ज्यांचे ४६ होते तेच हरले. त्या मुलांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. यंदा असं व्हायला नको. वहीच ठेवू की ॲप घेऊ? टेबलवर माणसं किती लागतात?

निळी_शाई
ताई, मी बरीच वर्षं शालेय स्पर्धांना (१४, १७, १९ वर्षांखालील) टेबलवर बसतोय. वही बाजूला ठेवा आणि फिबाचं (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचं) स्कोअरशीट घ्या. नियमपुस्तकात नमुना छापलेला असतो. संकेतस्थळावरून उतरवून झेरॉक्स काढा, सामन्यामागे एक.

नावासमोरच्या रेघांमध्ये क्रम राहत नाही. एखादी बास्केट सुटली, तर ती कधी सुटली हे शोधायला जागाच उरत नाही. शीटच्या उजव्या अर्ध्यात रनिंग स्कोअर असतो: दोन्ही संघांसाठी १ ते १६० आकडे छापलेले आणि प्रत्येक आकड्याशेजारी रिकामा चौकोन. समजा स्कोअर ८ आहे आणि ११ नंबरच्या मुलीने दोन गुणांची बास्केट केली. १० वर तिरकी रेघ मारायची, शेजारी ११ लिहायचं. तीन गुणांची असेल तर ११ या आकड्यावर रेघ, आणि शेजारी लिहिलेल्या जर्सी नंबरभोवती गोल. फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा, एका गुणाचा मोकळा फेक) बास्केटमध्ये गेला तर पुढच्या आकड्यावर भरीव ठिपका. शेवटचा खोडलेला आकडा हाच त्या क्षणीचा स्कोअर, बेरजेची गरजच नाही.

पेनं दोन ठेवा. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं. क्वार्टर संपला की शेवटच्या आकड्याभोवती जाड गोल आणि त्याखाली जाड आडवी रेघ. मग वाद झालाच तर 'दुसऱ्या क्वार्टरमध्ये ९ झाले' इथपर्यंत लगेच पोचता येतं. सामना संपल्यावर पडताळा घ्या: १२, ९, १४, ११ असे क्वार्टर असतील तर ४६ आलेच पाहिजेत, आणि खेळाडूंच्या गुणांची बेरीजही तितकीच.

मैदानाशेजारी
निळी_शाई यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त एक गोष्ट वाढवतो, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: लिहिणाऱ्याने एकट्याने बसू नये. नजर शीटवर गेली की तेवढ्यात पलीकडे फास्ट ब्रेक (झटपट चढाई) होतो. पाटी सांभाळणाऱ्याने नजर मैदानावरच ठेवून मोठ्याने म्हणायचं, "अ संघ, अकरा नंबर, दोन". लिहिणाऱ्याने लिहून परत म्हणायचं, "अ संघ, दहा". हे ऐकल्यावरच पाटी उलटायची. असं केल्यावर शीट आणि पाटी यांत फरक पडला तर तिथल्या तिथे कळतो. अधिकृत नियमांतही दोन्हींत तफावत आली आणि काही पुरावा नसेल, तर शीट ग्राह्य धरून पाटी दुरुस्त करतात. चूक लक्षात आल्यावर चेंडू खेळात असताना बझर मात्र वाजवू नका. चेंडू डेड होऊ द्या, म्हणजे खेळ थांबू द्या, मग रेफरींना बोलवा.

तिसरा माणूस घड्याळाला. २४ सेकंदांचं यंत्र (एका चढाईची वेळ मोजणारं) नसेल तर त्याच्या मागे लागू नका.

शिट्टी
मी रेफरी आहे. टेबलवाल्यांना माझी कळकळीची विनंती: गुणांइतकंच लक्ष फाउलकडे द्या. आम्ही टेबलकडे वळून आधी नंबर दाखवतो, मग फाउलचा प्रकार, मग शिक्षा. १६ पासून पुढचे नंबर दोन टप्प्यांत येतात: हाताची पाठ तुमच्याकडे करून दशक, मग तळवा दाखवून एकक. १६ म्हणजे आधी पाठमोरं १, मग ६. हे ठाऊक नसलं की १६ चा फाउल ७ च्या नावावर जातो.

साधा वैयक्तिक फाउल शीटवर पी असा लिहायचा. त्यावर दोन फ्री थ्रो असतील तर पी जवळ छोटा २. बास्केट धरून एक फ्री थ्रो असेल तर छोटा १. एखाद्या खेळाडूचा पाचवा फाउल झाला की लगेच आम्हाला सांगा. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येकाला दोन फ्री थ्रो. पण चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याच खेळाडूने फाउल केला, तर तो संघाच्या खात्यात मोजायचा, फ्री थ्रो मात्र नाही. हौशी सामन्यांत इथे हमखास भांडणं होतात. प्रशिक्षकाला मिळालेला टेक्निकल (गैरवर्तनाचा फाउल) संघ-फाउलमध्ये धरत नाहीत, हेही लिहून ठेवा.

पारिजात
किती नेमकं सांगितलंत! चार फाउलचं माहीत होतं, ताब्यातल्या संघाचं नव्हतं. आता टेबलवरच्या बाणाचं सांगाल का, पुढचा ताबा कुणाचा ते दाखवणाऱ्या? मध्यांतरानंतर आमचा नेहमी गोंधळ होतो.

शिट्टी
सुरुवातीच्या जंप बॉलनंतर (रेफरी दोघांमध्ये चेंडू वर उडवतात तो) ज्या संघाला ताबा मिळत नाही, बाण त्यांचा. ते ज्या बास्केटकडे चढाई करतात तिकडे टोक ठेवायचं. पुढचा क्वार्टर त्यांच्या थ्रो-इनने (रेषेबाहेरून चेंडू आत टाकून) सुरू होतो आणि मग बाण फिरतो. मध्यांतरानंतर संघ बाजू बदलतात. हक्क त्याच संघाचा राहतो, पण टोक उलट दिशेला करावं लागतं. मध्यांतर झाल्या झाल्या दोघांनी मिळून बाण फिरवा आणि शीटच्या कोपऱ्यात संघाचं नाव लिहा.

कोपरा_तीन
ॲपबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मी दोन हंगाम फोनवर स्कोअर ठेवला. रिबाउंड, असिस्ट, शॉट कुठून मारला, हे सगळं मिळतं, मुलांना बघायला फार आवडतं. पण मधेच फोन वाजला, ऊन पडद्यावर आलं, बॅटरी उतरली की हातात काही राहत नाही. आता ॲप मी आकडेवारीपुरतं ठेवतो, वेगळ्या मुलाकडे. निकाल कागदावर. आणि थ्री-बाय-थ्री (तिघा-तिघांचा खेळ) ठेवणार असाल तर हे शीट चालणार नाही: तिथे गुण १ आणि २, सामना १० मिनिटांचा किंवा कुणी आधी २१ केले तर तिथेच संपतो.

मैदानाशेजारी
घड्याळाचंही आधी ठरवा. वेळ कमी म्हणून बहुतेक ठिकाणी चालू घड्याळ ठेवतात, म्हणजे खेळ थांबला तरी ते थांबवत नाहीत. चालेल, पण शेवटची दोन मिनिटं शिट्टीला थांबवा, आणि बास्केट झाल्यावरही. सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना सांगून टाका.

पारिजात
लेकीच्या संघातल्या दोघी खेळत नसतील तेव्हा टेबलवर बसायला तयार आहेत. रविवारी सरावाच्या सामन्याला तिघी शीट घेऊन बसणार आहोत. एक पुकारेल, एक लिहील, मी घड्याळावर.

निळी_शाई
उत्तम. त्या दिवशी आलटून पालटून प्रत्येकीला एक क्वार्टर लिहू द्या. आणि सामना संपल्यावर सह्या: आधी टेबलच्या, शेवटी मुख्य रेफरींची. त्यांची सही होईपर्यंत स्कोअरमधली चूक दुरुस्त करता येते. म्हणून शीट त्यांच्या हातात देण्याआधी दोन मिनिटं थांबून पडताळा पूर्ण करा.