जांभ्या चिऱ्याच्या भिंतीवरचा टीव्ही चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं?

अभ्यासिका_रत्नागिरी
ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत ४३ इंची टीव्ही लावायचाय. खोली पहाटे ५ ते रात्री ११ उघडी असते, राखणदार नाही. भिंत ९ इंची, जांभ्या चिऱ्याची. आतून गिलावा, बाहेरून तशीच. भिंतीमागून पाणंद जाते. टीव्हीसोबत आलेला ब्रॅकेट पुरेल की लोखंडी पिंजराच करून घ्यावा?

फॅब्रिकेटर_कुडाळ
पिंजऱ्याचं नंतर बघू, आधी ब्रॅकेट नीट बघा. भिंतीवरची प्लेट कितीही घट्ट असली तरी टीव्ही तिच्यावर नुसता अडकवलेला असतो. टीव्हीच्या पाठीला दोन उभ्या पट्ट्या असतात, त्यांचे हूक प्लेटवर बसतात आणि खाली दोन साधे स्क्रू. कित्येकदा लावणारा ते दोन स्क्रूही टाकत नाही. मग दोघांनी मिळून टीव्ही वर उचलला की तो हातात आला, भिंतीला धक्कासुद्धा लागत नाही.

म्हणून आडवी सळई घालता येईल असा ब्रॅकेट घ्या. दोन्ही उभ्या पट्ट्यांच्या आणि प्लेटच्या भोकांतून ८ मिमीची सळई जाते. एका टोकाला डोकं वेल्ड केलेलं, दुसऱ्या टोकाला कुलूप. भोकं नसतील तर प्लेटला ५ मिमी पट्टीचे दोन कान वेल्ड करून घ्या. वेल्डिंग प्लेट भिंतीवर चढवायच्या आधी, आणि टीव्ही दुसऱ्या खोलीत ठेवून. ठिणगी पडद्यावर पडली की डाग कायमचा.

टीव्हीच्या पाठीचे स्क्रू (या मापात बहुधा एम६ असतात, मॅन्युअल बघून खात्री करा) मधे खुंटी असलेल्या, चांदणीच्या आकाराच्या खाचेचे घ्या. लांबी मोजून घ्यायची: भोकात काडी घालून खोली बघा, त्यात पट्टीची आणि वॉशरची जाडी मिळवा, त्यापेक्षा २ मिमी कमीच. लांब स्क्रू आत घुसून पॅनेल फोडतो. या स्क्रूंची बिट बाजारात सहज मिळते, त्यामुळे कुलपाऐवजी हे स्क्रू चालणार नाहीत, कुलपासोबत हवेत.

चिरेकाम
भिंतीबद्दल सांगतो, कारण फसगत इथेच होते. जांभा मऊ आणि सच्छिद्र. अँकर फास्टनर (भोकात फुलून बसणारा बोल्ट) आवळला की त्याची बाही फुलते आणि भोकाच्या कडा भुगा होऊन निघतात. सुरुवातीला घट्ट वाटतं. पहारीने एकदा रेटलं की गिलाव्यासकट बाहेर. टीव्हीचं वजन ८-१० किलो, ते कुठलाही खिळा पेलेल. बोल्ट निवडायचे ते पहारीचा रेटा सोसण्यासाठी.

आरपार बोल्ट घाला. एम१० ची आटेवाली दांडी, चार नग, बाहेरून १०० × १०० × ६ मिमीची प्लेट. भोक १२ मिमी, चिऱ्याच्या मधोमध. सांध्यात मारू नका. शेवटचे दोन इंच ड्रिलचा हॅमर बंद करून नुसतं फिरवत भोक पाडा, नाहीतर बाहेरच्या बाजूला चिऱ्याचा मोठा टवका उडतो. भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला थोडा खाली ठेवा आणि प्लेटच्या मागे सिलिकॉन भरा. आपल्याकडचा पाऊस सरळ भोकातून आत येऊन टीव्हीच्या सॉकेटवर गळतो.

अभ्यासिका_रत्नागिरी
पण प्लेट पाणंदीकडे आली, तर बाहेरूनच नट खोलतील की?

चिरेकाम
बाहेर नट ठेवायचाच नाही. दांडी प्लेटला वेल्ड करून मग बाहेरून आत सरकवायची. नट फक्त आत, टीव्हीच्या मागे. टीव्ही काढल्याशिवाय तिथे पाना पोचत नाही, आणि टीव्ही सळईने अडकलेला. वेल्डवर रेड ऑक्साइडचे दोन हात द्या. शक्य असेल तर दांडी आणि प्लेट दोन्ही ३०४ स्टेनलेसच घ्या, खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड टिकत नाही.

फॅब्रिकेटर_कुडाळ
आता पिंजरा. टीव्हीची खालची कड ७ फुटांच्या वर जात असेल तर माझ्या मते सळई-कुलूप पुरे. छत बसकं असेल तर मात्र पिंजरा कराच. ४३ इंची टीव्ही साधारण ९७ × ५६ सेंमी भरतो, तेव्हा आतलं माप ११० × ७० × १५ सेंमी ठेवा. २५ × २५ चा चौकोनी पाइप, १४ गेज म्हणजे २ मिमी. दुकानदार १८ गेज देईल, तो हाताने वाकतो. पुढे ५ मिमी भरीव पॉलिकार्बोनेट. अॅक्रिलिक नको, ते तडकतं. रिमोट यातून चालतो. पुसायला ओलं मऊ कापड, थिनर अजिबात नाही.

वर आणि खाली दोन्हीकडे जाळी हवी. फक्त वर ठेवली तर गार हवा खालून येत नाही आणि उन्हाळ्यात टीव्ही तापून बंद पडतो. बिजागरी आतल्या बाजूला वेल्ड केलेली असावी. बाहेरचे स्क्रू म्हणजे उघडं दार. कुलपाच्या कडीवर पाइपचा तुकडा वेल्ड करा, म्हणजे कटर आत शिरत नाही.

वायरमन_चिपळूण
सॉकेट टीव्हीच्या मागे, पण स्विच दाराजवळ ठेवा, नाहीतर रोज टीव्ही बंद करायला कुलूप उघडावं लागेल आणि चार दिवसांत ते उघडंच राहील.

छप्पर कौलारू आहे का, हेही बघा. दाराला कितीही कुलपं घातली तरी कौलं सरकवून माणूस आत उतरतो. तसं असेल तर टीव्हीच्या वरच्या भागात कौलांखाली वेल्डमेश (वेल्ड केलेली लोखंडी जाळी) ठोका.

टीव्ही चढवण्याआधी पाठीमागचा सीरियल नंबर आणि मॉडेलचा फोटो काढून डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (ग्रामपंचायतीच्या वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करा. तक्रार देताना तो नंबर लागतो. विमा काढणार असाल तर अटी आधी वाचा: बर्गलरी पॉलिसीत सहसा कुलूप-दार फोडून आत शिरल्याची खूण लागते. दिवसा उघड्या खोलीतून नेलेला टीव्ही त्यात बसेलच असं नाही. साध्या चोरीचं संरक्षण वेगळं जोडता येतं का, ते एजंटला लेखी विचारा.