मान झुकणारा बेस आणि तोल

उभे राहून वाजवताना बेस गिटारची मान खाली झुकते व डावे मनगट दुखते, म्हणून हलका बेस घ्यावा का, असे परभणीच्या मित्राने विचारले आहे. माझ्या मते वजनाआधी तोल पाहावा, कारण धड हलके आणि मानेच्या टोकाच्या, तारा ताणणाऱ्या खुंट्या जड असल्या तर मान उलट अधिकच झुकते.

फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसमध्ये गळ्यातला पट्टा अडकवायचे पुढचे बटण बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास येते, म्हणून तो बराच स्थिर राहतो. गिब्सनच्या एसजी आकाराच्या बेसमध्ये ते मानेच्या बुडाशी असल्याने जवळजवळ संपूर्ण मान त्याच्या पुढे लोंबते. मग डावा हात मान तोलण्यात अडकतो, अंगठा मोकळेपणी सरकत नाही, आणि पहिल्या चार फ्रेटांत बोटे ताणणे जड जाते.

भीमजयंतीच्या कार्यक्रमात तासन् तास उभे राहणाऱ्या आपल्याकडच्या वादकांनी दुकानातच बेस पट्ट्याने गळ्यात घालून दोन्ही हात सोडून पाहावेत. बेस आधीच घेतलेला असेल, तर आतून खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा लावावा आणि तेवढ्याने भागले नाही तर हलक्या खुंट्या बसवाव्यात. त्या मानेच्या अगदी टोकाला असल्याने थोडे ग्रॅम घटले तरी फरक जाणवतो.