मदत हवी आहे: उबुंटू हार्ड डिस्कवरून सुरू होत नाही

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. परवा पावसात दोनदा वीज गेली, तेव्हापासून बाबांचा संगणक ‘ग्रब रेस्क्यू’वरच (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या ग्रब प्रोग्रामच्या अडचणीच्या पडद्यावर) अडकतो. ‘एलएस’ ही आज्ञा दिली की पार्टिशनं (डिस्कचे भाग) दिसतात, पण प्रत्येकावर ‘अननोन फाइलसिस्टम’. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मात्र नीट चालतो, डिस्कही दिसते. माउंट केलेली (फाइल्स उघडायला जोडलेली) नाही, कारण स्मार्ट तपासणीत (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीत) 8 पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न आलेले भाग, निघाले. आत बाबांच्या भजनी मंडळाची सगळी रेकॉर्डिंग्ज आहेत, दुसरी प्रत नाही. जीव टांगणीला लागलाय.

आधी डीडीरेस्क्यूनं (खराब डिस्कवरून जमेल तेवढा डेटा उतरवणाऱ्या साधनानं) पूर्ण डिस्कची प्रत काढावी आणि एफएससीके (फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारं साधन) त्या प्रतीवरच चालवावं, असं मला वाटतं. बरोबर आहे ना? मशीन जुनं, बायोसवालं आहे. ग्रब पुन्हा बसवताना पूर्ण डिस्क द्यायची की पार्टिशन? फोंडा-म्हापशाकडे कोणी जाणकार असल्यास डिस्क घेऊन येतो.